कपाटातलं जुनं पिस्तूल: ठेवायचं की विकायचं?

मामांचं पिस्तूल माझ्याकडे आलं तेव्हा ते त्यांच्या चामडी होल्स्टरमध्ये होतं. .३२ बोअरचं, हातात मावेल एवढं, मुठीवरची नक्षी अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली. परवान्यावर माझं नाव चढायला बरेच महिने गेले आणि त्यानंतरच्या नऊ वर्षांत मी ते नेमबाजीच्या रेंजवर नेऊन दोनदा चालवलं. एरवी ते कपाटात. दर काही महिन्यांनी मी ते बाहेर काढायचो, पुसायचो, आणि तोच प्रश्न घेऊन परत आत ठेवायचो.

लोक हा हिशेब पैसे आणि आठवण यांच्यात मांडतात. मीही आधी तसाच मांडला होता. पण त्यात तिसरी एक बाजू असते आणि माझ्या मते तीच सगळ्यांत वजनदार: सांभाळणारा माणूस. जुनं पिस्तूल घड्याळासारखं नुसतं पडून राहत नाही. त्याला वेळ लागतो, जागा लागते, त्याची माहिती असलेले हात लागतात. हे तिन्ही तुमच्याकडे आहेत का, याचं खरं उत्तर सापडावं म्हणून मी ज्या क्रमाने गेलो तोच क्रम इथे देतो.

पहिली पायरी: ते रिकामं आहे याची खात्री

मूल्य, आठवण, कायदा हे सगळं नंतर. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. आधी मॅगझिन (गोळ्या भरायचा सुटा डबा) काढा, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढा. हा क्रम उलटा झाला तर मागे ओढलेली स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, नेऊन बसवते आणि पिस्तूल रिकामं झालं अशा समजुतीत तुम्ही भरलेलं पिस्तूल हातात धरून बसता. स्लाइड मागे असताना चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपून पाहा. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल उडणार नाही, हा समज बहुतेक जुन्या पिस्तुलांच्या बाबतीत चुकीचा आहे. ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या काहींत मॅगझिन नसताना चाप न चालण्याची सोय होती, पण ती सगळीकडे नसते, आणि जिथे होती तिथेही अनेकांनी ती काढून टाकलेली असते.

लुगर या जुन्या जर्मन पिस्तुलाबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याचा नळीसकटचा वरचा भाग सांगाड्यापासून सुटा केला, तरी चेंबरमध्ये काडतूस असेल आणि बाजूची पट्टी दाबली गेली तर ते उडू शकतं. चाप नाही, मूठ नाही, तरीही. म्हणून ज्या पिस्तुलाची रचना तुम्हाला माहीत नाही ते स्वतः उघडू नका. स्लाइड गंजून अडकली असेल तर जोर लावू नका. जाणकार कारागिराला आधी विचारा, आणि तो सांगेल तसंच ते त्याच्यापर्यंत पोचवा.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं. पिस्तूल कायद्याने तुमच्या नावावर आहे का? वारशाने आलं असेल तर नोंद बदलली आहे का? जुनं आहे म्हणून त्याला परवाना लागत नाही असं गृहीत धरू नका. देशागणिक नियम अगदी वेगळे आहेत. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र 'अँटीक' धरलं जातं, तर ब्रिटनने १९९७ मध्ये जवळजवळ सगळी हँडगन सामान्य नागरिकांसाठी बंद केली. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या माणसाने दिलेला सल्ला, तो कितीही जाणकार असला तरी, तुमच्या कामाचा नसेल. तुम्ही राहता तिथल्या परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा आणि उत्तर शक्य तर लेखी घ्या.

घर आवरताना कागद नसलेलं पिस्तूल सापडलं तर ते घेऊन थेट पोलीस ठाण्यात जाऊ नका. आधी फोन करा किंवा वकिलामार्फत कळवा आणि ते कसं आणायचं ते विचारा. कागद नसलेलं शस्त्र अंगावर घेऊन रस्त्याने जाणं हाच बऱ्याच ठिकाणी गुन्हा असतो.

नेमकं काय आहे ते ओळखा

आता हातात वही घ्या. स्लाइडवर, नळीवर, सांगाड्यावर जे जे कोरलेलं आहे ते अक्षरशः उतरवून घ्या: कंपनीचं नाव, पेटंटच्या तारखा, कॅलिबर, अनुक्रमांक, आणि बारीकसारीक शिक्के. मुकुट, अक्षरांची जोडी, चांदणी असे हे छोटे शिक्के बहुधा 'प्रूफ मार्क' असतात. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून शस्त्र तपासल्याची ती खूण. लंडन, बर्मिंगहॅम, बेल्जियममधलं लिएझ अशा ठिकाणच्या तपासणीगृहांचे शिक्के वेगवेगळे आहेत, आणि त्यांवरून पिस्तूल कुठे आणि साधारण कोणत्या काळात तपासलं गेलं ते कळतं. अनुक्रमांकावरून बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या पिस्तुलांचं वर्ष काढता येतं. कोल्टसारख्या कंपनीकडून जुन्या नोंदींवर आधारलेलं पत्र पैसे भरून मिळतं, ज्यात पिस्तूल कारखान्यातून कधी आणि कोणाकडे रवाना झालं ते असतं. मौल्यवान नमुना असेल तर या पत्राचा खर्च वसूल होतो. साध्या पिस्तुलासाठी तो करू नका.

पिस्तूल 'सगळं एका अंगाचं' आहे का, हे पाहणं सगळ्यांत महत्त्वाचं. लुगरच्या लहान भागांवर अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे कोरलेले असतात. ते सगळे जुळले तर संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत वेगळीच होते. एखादा भाग नंतर बदललेला निघाला तर ती उतरते. मूळ मॅगझिन, मूळ डबा, लष्करातून घरी आणण्याची परवानगी देणारा जुना कागद, हे सगळं जपून ठेवा. मामांच्या पिस्तुलाबरोबर एक जास्तीचं मॅगझिन होतं, शिवणकामाच्या डब्यात पडलेलं. ते मी टाकूनच देणार होतो. पुढे घेणाऱ्याने पिस्तुलाइतकाच वेळ त्या मॅगझिनकडे पाहण्यात घालवला.

मुठीवर हस्तिदंत असेल तर सावध राहा. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या करारामुळे कडक बंधनं आहेत, आणि कित्येक देशांत आतल्या विक्रीवरही आहेत.

या टप्प्यावर एक कळकळीची विनंती. पिस्तूल चमकवायला जाऊ नका. पॉलिश नको, वाळूकागद नको, नवा काळा मुलामा तर मुळीच नको. जुना, जागोजागी विटलेला मूळ मुलामा संग्राहकाला हवा असतो. नव्याने मुलामा दिलेल्या पिस्तुलाची संग्रहातली किंमत पडते आणि ती परत आणता येत नाही. घासताना अक्षरांच्या कडा गोल होतात, ते तज्ज्ञाला एका नजरेत दिसतं. हलकं तेल आणि मऊ फडकं, बस.

चालवण्याजोगं आहे का?

हे ठरवायला कारागीर लागतो. त्याच्याकडून काय तपासून घ्यायचं ते मात्र तुम्हाला माहीत हवं.

नळीत आतून खड्डे पडले आहेत का? जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते उडाल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार मागे राहतो आणि तो मिठासारखा हवेतलं पाणी ओढतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं. ज्यांनी चालवल्यावर फक्त तेलाचा बोळा फिरवला त्यांच्या नळ्या आतून खाल्ल्या गेल्या. म्हणून बाहेरून देखणं असलेलं पिस्तूल आतून निकामी निघू शकतं.

स्प्रिंगा थकल्या आहेत का? स्लाइडला परत पुढे नेणारी रिकॉइल स्प्रिंग सैल झाली की स्लाइड प्रत्येक वेळी सांगाड्यावर जोरात आदळते आणि सांगाड्याला तडा जाण्याची भीती असते. स्प्रिंग स्वस्त असते, सांगाडा मिळत नाही. स्वस्तातल्या काही पिस्तुलांचा सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. त्याला तडे दिसले तर ते पिस्तूल पुन्हा चालवायचं नाही, एवढं साधं आहे.

काडतूस 'बसतं' म्हणजे ते योग्य आहे असं नाही. हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त ठासून सांगायचा आहे, कारण यात माणसं जखमी होतात. .३८ एसीपी आणि १९२९ साली आलेलं .३८ सुपर ही दोन काडतुसं आकाराने सारखी आहेत, पण सुपरचा दाब बराच जास्त. १९०० च्या सुमाराच्या कोल्टमध्ये सुपर घातलं तर ते चेंबरमध्ये बसेल, आणि स्लाइड फुटून मागे येऊ शकते. जर्मन माउझर सी९६ पिस्तुलाचं ७.६३ आणि सोव्हिएत टोकारेव्हचं ७.६२ मिलिमीटर यांचीही तीच गत. इटलीच्या ग्लिसेंटी पिस्तुलासाठी बनलेलं कमी ताकदीचं ९ मिलिमीटर आणि नेहमीचं ९ मिलिमीटर पॅराबेलम बाहेरून जवळपास जुळी वाटतात. स्लाइडवर काय कोरलंय त्यावर विसंबू नका, कारण नळी नंतर बदललेली असू शकते. चेंबर मोजून घ्या.

सुरक्षेची रचना आजच्या मापाची नसते हेही ध्यानात घ्या. टोकारेव्ह टीटी-३३ ला मुळात वेगळी सेफ्टीच नव्हती, घोडा अर्धा चढवून ठेवण्याची खाच तेवढी होती. कोल्टने १९११ या प्रसिद्ध पिस्तुलात फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळणारी कांडी) अडवणारा भाग सरसकट आणला तो १९८० च्या दशकात, 'सीरीज ८०' मध्ये. त्याआधीचं बहुतेक कोणतंही भरलेलं पिस्तूल उंचावरून नळीच्या तोंडावर पडलं तर फायरिंग पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊ शकते. यावरून माझं ठाम मत झालं आहे: जुनं, क्वचित हातात येणारं पिस्तूल स्वसंरक्षणासाठी म्हणून ठेवू नका. ज्या शस्त्राचा तुम्हाला सराव नाही, ज्याच्या स्प्रिंगा किती वर्षांच्या आहेत ते ठाऊक नाही, आणि जे पडलं तर उडू शकतं, त्याच्या भरवशावर घर सोडण्यात सुरक्षितता कुठे आहे?

आता स्वतःला विचारायचे प्रश्न

शेवटचं कधी चालवलं? 'पुढच्या वर्षी नक्की' हे उत्तर किती वर्षं देताय? वर्षातून निदान दोनदा रेंजवर जाणं आणि दर तीन महिन्यांनी तपासून तेल देणं तुमच्याकडून होत असेल तर ठेवायला हरकत नाही. होत नसेल तर ते जपणं नव्हे, नुसतं साठवणं आहे.

आठवण पिस्तुलात आहे की माणसात? हा प्रश्न मला फार जड गेला. मामा गेल्यावर मी ते हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिलो होतो. पण प्रामाणिकपणे पाहिलं तर मला आठवत होते ते त्यांचे हात, पुसायचं फडकं घडी घालून ठेवण्याची त्यांची पद्धत, आणि पिस्तूल दाखवण्याआधी प्रत्येक वेळी स्लाइड मागे ओढून आम्हा मुलांना रिकामं चेंबर पाहायला लावणं. ती शिस्त माझ्यात उतरली होती. ती ठेवायला पिस्तूल लागत नव्हतं. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं आणि ते तितकंच खरं असेल. फक्त ते शोकाच्या पहिल्या वर्षात देऊ नका. त्या वर्षात विकलेल्या वस्तूंची हुरहुर लागते, आणि नको असलेल्या वस्तू गळ्यात राहतात तेही त्याच वर्षात.

घरात कोण आहे? लहान मुलं असतील तर कपाटाची किल्ली कुठे असते हे त्यांना ठाऊक असतं, आपल्याला वाटतं नसतं. घरात कोणी वयोमानाने विसरू लागलं असेल तर ओळखीची माणसंही अनोळखी वाटू लागतात, हे विसरू नका. आणि कोणी मनाने खचलेलं असेल, जगण्याबद्दल निराश बोलत असेल, तर हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि पिस्तूल आजच घराबाहेर जाईल असं पाहा. अधिकृत विक्रेत्याकडे किंवा शस्त्रागारात तात्पुरतं जमा करता येतं. आत्महत्येचा विचार टोकाला जाण्याचा काळ पुष्कळदा थोडाच असतो. तो टळला तर माणूस वाचतो, पण हाताशी शस्त्र असेल तर दुसरी संधी क्वचितच मिळते. ते खचलेलं माणूस तुम्ही स्वतः असाल तरीही हेच करा, आणि कोणा जवळच्याला सांगून करा.

तुमच्यानंतर कपाट कोण उघडणार? माझा निर्णय या प्रश्नाने केला. घरात कोणाला शस्त्राची आवड नाही, परवाना काढायची तयारी नाही. मी नसताना ते पिस्तूल माझ्या बायकोच्या आणि मुलीच्या हातात पडलं असतं, त्यातलं काही माहीत नसताना, परवाना नसताना, दुःखाच्या दिवसांत कचेऱ्यांचे हेलपाटे घालत. मी जिवंत असताना दोन महिन्यांत होणारं काम मी त्यांच्या माथी मारणार होतो.

पैशाबद्दल थोडक्यात. जुनं म्हणजे मौल्यवान असं नसतं. लाखोंच्या संख्येने बनलेल्या, झिजलेल्या पिस्तुलाची किंमत माफकच असते आणि पुढच्या दहा वर्षांत ती फार वाढेल या आशेवर ते ठेवू नका. परवान्याचं नूतनीकरण, तिजोरी, देखभाल यांचा खर्च त्यातून वजा करा. दुर्मिळ नमुना, जुळणारे आकडे, मूळ मुलामा आणि कागदोपत्री इतिहास हे चारही एकत्र असतील तर गोष्ट वेगळी.

ठेवायचं ठरलं तर

होल्स्टरमधून आजच बाहेर काढा. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात उरतात, शिवाय ते ओलावा धरून ठेवतं. मामांच्या पिस्तुलावर होल्स्टरच्या शिवणीची रेघ गंजाने उमटली होती, ती अखेरपर्यंत गेली नाही. स्पंजाचे अस्तर असलेले डबेही दीर्घकाळासाठी वाईट. पातळ तेलाचा हात, सिलिका जेलच्या पुड्या, आणि तिजोरीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत राहते का ते दाखवणारा छोटा मापक एवढं पुरतं. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून घ्या. तेल जास्त नको. ते ओघळून लाकडी मुठीत मुरतं आणि लाकूड भुसभुशीत होतं.

पिस्तूल रिकामं, कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ल्या एका जुडग्यात नकोत. आणि एक पान लिहून ठेवा: हे काय आहे, कागद कुठे आहेत, मी नसलो तर हात न लावता कोणाला फोन करायचा. ते पान घरच्यांना दाखवा.

विकायचं ठरलं तर

किंमत ठरवताना लोक जाहिरातीत काय मागतात ते पाहू नका, लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते पाहा. दोन वेगळ्या जाणकारांकडून अंदाज घ्या, आणि शक्यतो त्यातला एक स्वतः विकत घेऊ इच्छिणारा नसावा. विम्यासाठी लिहून दिलेली किंमत आणि हातात पडणारी रक्कम यांत मोठं अंतर असतं. अधिकृत विक्रेता लगेच पैसे देतो पण त्याचा नफा सोडून. त्याच्याकडे विक्रीसाठी ठेवलं तर वेळ लागतो, दलाली जाते, रक्कम बहुधा जास्त मिळते. दुर्मिळ नमुन्यासाठी लिलावगृह बरं. दोष स्वतःहून सांगा: बदललेली नळी, तडा, दुरुस्ती. समोरचा माणूस ते पिस्तूल चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरून चालवणार आहे.

मित्राला, चुलत भावाला, 'आपल्याच माणसाला' हातोहात देऊ नका. परवाना तपासून, नोंद करून, अधिकृत मार्गानेच. हस्तांतराच्या कागदाची प्रत कायमची जपून ठेवा, कारण उद्या त्या पिस्तुलाचं काहीही झालं तर अनुक्रमांकाचा माग तुमच्यापर्यंत येतो. साध्या टपालाने किंवा कुरिअरने पाठवण्याचा विचारही नको.

विकणं नको आणि ठेवणंही नको असेल तर आणखी वाटा आहेत. इतिहास असलेलं पिस्तूल संग्रहालय घेऊ शकतं, पण त्यांना पिस्तुलापेक्षा त्याची हकीकत हवी असते, म्हणून ती लिहून द्या. कायमचं निकामी करून घेणं काही देशांत चालतं, पण ते अधिकृत व्यक्तीकडूनच आणि प्रमाणपत्रासह. एकदा निकामी केलं की ते परत होत नाही, किंमतही बहुतेक जाते. सरकारजमा करणं हा शेवटचा आणि पूर्णपणे सन्मानाचा मार्ग आहे.

मी अधिकृत विक्रेत्यामार्फत एका परवानाधारक संग्राहकाला दिलं. त्याच्याकडे त्याच मालिकेतली आणखी तीन आहेत. व्यवहारानंतर दोन गोष्टी राहतात, त्या विसरू नका. आपल्या परवान्यावरून ते शस्त्र कमी झाल्याची नोंद करून घ्या. आणि घरात मागे राहिलेली काडतुसं शोधा. ती कचऱ्यात किंवा नदीत टाकायची नाहीत, विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे नोंद करून द्यायची. माझ्याकडे सहा निघाली, होल्स्टरच्या आतल्या कप्प्यात, हिरवट पडलेली. इतकी वर्षं पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करत होतो आणि होल्स्टर एकदाही उलटं करून पाहिलं नव्हतं.